शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी का? वाहतुकीच्या चलानाचा इतिहास

मागच्या वेळी रस्त्यांच्या इतिहासाबद्दल बोलताना शेवटी एक प्रश्न आला होता. मोबाइलवर चलानाचा मेसेज येतो, आपल्याला वाटतं की हे चुकीचं आहे, मग काय करायचं? गुपचूप भरायचं की कोर्टात जायचं? आज या प्रश्नाकडे आपण इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. कारण आज त्या चलानाखाली जे पर्याय दिसतात, त्यातला प्रत्येक पर्याय कुठल्या ना कुठल्या काळात, कुठल्या तरी अडचणीतून जन्माला आलेला आहे. ती अडचण कोणाची होती हे कळलं, की तो पर्याय कोणाच्या सोयीचा आहे हेही कळतं.

सुरुवात शब्दापासून करू. चलान. मालाचं चलान असतं, बँकेत पैसे भरायचं चलान असतं. सगळीकडे अर्थ एकच, काहीतरी पुढे धाडताना सोबत द्यायचा कागद. पोलिसांच्या भाषेत ‘अमक्याचं चलान केलं’ म्हणजे त्याला कागदपत्रांसकट मॅजिस्ट्रेटपुढे पाठवलं. म्हणजे बघा, चलान हा शब्दच मुळात कोर्टाकडे तोंड करून उभा आहे. तो निकाल नाही, तो आरोप आहे. आज आपण चलान म्हणजे दंडाची पावती समजतो. आरोपाचा कागद पावतीसारखा कसा दिसायला लागला, हीच आजची गोष्ट आहे.

या गोष्टीचं एक टोक इंग्लंडमध्ये आहे. तिथे १९०३ साली मोटारकार कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून लागू झाला. गाडीला नंबर आला, वेगाची मर्यादा ताशी २० मैल ठरली. आता वेग मोजायचा कसा? पोलीस रस्त्याच्या कडेला झुडपाआड बसायचे, ठरावीक अंतर धरायचे आणि स्टॉपवॉच लावायचे. मोटारवाले तेव्हा बहुतेक पैसेवाले. ते चिडले. १९०५ मध्ये त्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन काढली. तिचे लोक सायकलवरून फिरायचे आणि पुढे पोलीस दबा धरून बसलेत अशी सूचना द्यायचे. त्यावरून खटले झाले. १९०९ च्या एका निकालात कोर्टाने म्हटलं की वेगात चाललेल्याला अशी सूचना देऊन वाचवणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. मग संस्थेने उलटी युक्ती काढली. आमचा माणूस एरवी सभासदाला सलाम करतो, ज्या दिवशी सलाम केला नाही त्या दिवशी समजून घ्या. सलाम केला नाही म्हणून कोणावर खटला भरणार?

हे ऐकायला गमतीचं आहे, पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्या १९०३ च्या कायद्यात आरोपीच्या बाजूने दोन अटी घातल्या होत्या. पहिली, केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर वेगाचा गुन्हा शाबीत धरायचा नाही. दुसरी, त्याच जागी ताकीद दिलेली हवी, नाहीतर ठरावीक मुदतीत नोटीस तरी पाठवलेली हवी. ही मुदत तेव्हा २१ दिवसांची होती. का? कारण साधं आहे. तीन महिन्यांनी कोणी विचारलं की अमक्या तारखेला अमक्या वळणावर तुमचा वेग किती होता, तर कोण सांगू शकेल? आठवण ताजी असेपर्यंत विचारा, म्हणजे माणसाला बचाव करता येईल. इतकाच त्यामागचा विचार.

हिंदुस्थानभर लागू होणारा मोटार वाहन कायदा १९१४ साली आला. नंतर १९३९ चा आला, आणि त्याची जागा १९८८ च्या कायद्याने घेतली. या १९८८ च्या कायद्यात त्या दोन्ही जुन्या अटी आजही सापडतात. कलम १८३ म्हणतं की वेगाबद्दल एकाच साक्षीदाराच्या मतावर शिक्षा होणार नाही, ते मत यंत्राने मोजलेल्या वेगावर आधारलेलं असेल तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या दुरुस्तीत त्यात ‘इलेक्ट्रॉनिक’ साधनही आलं. कलम २०९ म्हणतं की वेगाचा किंवा धोकादायक चालवण्याचा खटला असेल, तर जागेवर ताकीद, नाहीतर १४ दिवसांत नोटीस, नाहीतर २८ दिवसांत समन्स, यातलं काहीतरी झालेलं पाहिजे. अपवाद आहेत. नाव-पत्ता वेळेत मिळणं शक्यच नव्हतं किंवा आरोपीनेच अडथळा आणला, तर ही अट सुटते. पण नियम तो आहे. म्हणजे झुडपाआडच्या स्टॉपवॉचवर चिडलेल्या इंग्रज श्रीमंतांनी जे पदरात पाडून घेतलं, ते आज आपल्याकडच्या टेम्पोवाल्यालाही मिळतं.

आता दुसरं टोक. गाड्या वाढल्या आणि कोर्टांपुढे ढीग लागला. हेल्मेट, सिग्नल, नो पार्किंग, अशा प्रत्येक प्रकरणात साक्षीपुरावा घ्यायचा म्हटलं तर मॅजिस्ट्रेटला दुसरं कामच उरणार नाही. म्हणून कायद्याने कोर्ट टाळायच्या वाटा केल्या. त्या एकेक करून पाहू.

पहिली वाट टपालाची. कलम २०८ खाली काही गुन्ह्यांत समन्सवरच लिहिलेलं असतं की वकील पाठवा, किंवा रजिस्टर टपालाने गुन्हा कबूल करून एवढी रक्कम पाठवा. कबूल केलंत आणि पैसे भरलेत की विषय मिटला, आणि त्या कबुलीवरून लायसन्स काढून घेतलं जाणार नाही, असं कायदाच सांगतो. सौदा उघड आहे. तुम्ही आमचा वेळ वाचवा, आम्ही तुमचं लायसन्स वाचवतो.

दुसरी वाट तडजोडीची, कलम २००. इथे कोर्टाचाही संबंध नाही. राज्य सरकार राजपत्रात रक्कम ठरवतं, अधिकारी ती घेतो, पुढची कारवाई थांबते. आपण रस्त्यावर किंवा मोबाइलवर भरतो ती बहुतेक वेळा हीच रक्कम. लोक तिला दंड म्हणतात, पण दंड कोर्ट करतं. ही तडजोड आहे. २०१९ पासून दंडाचे आकडे मोठे झाले. विना लायसन्स चालवण्याचा दंड ५०० चा ५,००० झाला. महाराष्ट्रात वाढीव तडजोड रकमा लगेच आल्या नाहीत, त्या २०२१ च्या डिसेंबरात लागू झाल्या.

तिसरी वाट लोकअदालतीची. १९८२ मध्ये गुजरातेत ऊना इथे लोकअदालत भरली, तिथून ही कल्पना देशभर गेली, आणि १९८७ च्या कायद्याने तिला पाया मिळाला. आज लोकअदालतीच्या दिवशी थकलेली चलानं मिटवायला रांगा लागतात. पण एक लक्षात घ्या. लोकअदालत गुन्हा झाला की नाही हे ठरवत नाही, ती समझोता करून देते. आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. ‘मी सिग्नल तोडलाच नव्हता’ हे सिद्ध करायला लोकअदालतीत जाणं म्हणजे न्हाव्याकडे दात दाखवण्यासारखं आहे.

चौथी वाट अगदी ताजी, आभासी न्यायालयाची. आपल्याकडे नागपूर जिल्ह्यात काटोलला वाहतुकीच्या खटल्यांसाठी असं न्यायालय ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालं. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते. या पद्धतीत स्क्रीनवर दोनच प्रश्न असतात. दंड भरता, की खटला लढवता? लढवतो म्हटलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टाकडे जातं.

या चारही वाटांत एक गोष्ट समान आहे. त्यातल्या कुठल्याही वाटेवर ‘घटना खरंच घडली का’ याची तपासणी होत नाही. ती फक्त पाचव्या जागी होते, उघड कोर्टात, जिथे पुरावा मांडावा लागतो आणि उलटतपासणी घेता येते. आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण भित्र्यांची नाही, हिशेबी माणसांची आहे. पाचशे रुपयांसाठी वकिलाची फी, चार तारखा, चार दिवसांची मजुरी बुडवायची का? रिक्षा चालवणाऱ्यासाठी एक दिवस कोर्टात बसणं हाच दंडापेक्षा मोठा दंड असतो. हक्क कागदावर सगळ्यांना सारखा, पण तो वापरायची किंमत सगळ्यांना सारखी नाही. ही विषमता १९०५ मध्ये होती, आजही आहे.

पण सगळ्यांनीच हिशेब करून भरून टाकलं तर काय होतं, हाही विचार केला पाहिजे. हवालदार समोर उभा असायचा तेव्हा निदान चेहरा दिसायचा, चार शब्द बोलता यायचे. मुंबईत २०१६ पासून कॅमेऱ्यावरून ई-चलान यायला लागलं. कॅमेरा नंबरप्लेट पाहतो, माणूस पाहत नाही. नंबरप्लेटची नक्कल केलेली असेल, गाडी विकलेली असेल आणि कागद बदलले नसतील, तरी मेसेज नोंदणीकृत मालकालाच येतो. अशी चूक कोणी कोर्टात नेलीच नाही, तर ती चूक म्हणून नोंदली जाणार कुठे? प्रत्येक भरलेलं चलान यंत्राच्या बाजूने मोजलं जातं.

याची जाण कायद्यालाही आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७अ आला. कॅमेरा किंवा वेगमापक यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करायला हवं. यंत्र बसवलंय अशी पाटी दिसायला हवी. नोटिशीत फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कुठलं कलम मोडलं ते हवं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. नोटीस पंधरा दिवसांत निघाली पाहिजे. १९०३ च्या त्या नोटिशीची ही पणतीच म्हणायची.

मग ठरवायचं कसं? आम्ही वकिली सल्ला देत नाही, पण इतिहासातून काही प्रश्न हाती लागतात. पहिला, स्वतःशी प्रामाणिकपणे, घटना घडली का? घडली असेल तर भरा आणि पुढे चला. पळवाट शोधण्यात शहाणपण नाही. दुसरा, फोटोतली गाडी आपलीच आहे का, आणि तेव्हा ती आपल्याच ताब्यात होती का? नसेल तर आधी पोलिसांकडे पुराव्यासकट लेखी तक्रार करा, पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटतं. तिसरा, तारखा. नोटीस कधी निघाली? केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला फौजदारी प्रक्रियेत सहा महिन्यांची मर्यादा आहे, कोर्ट कारण पाहून ती वाढवू शकतं. चौथा, हरलो तर काय? तडजोडीची रक्कम ठरलेली असते, पण कोर्ट कायद्यातल्या पूर्ण दंडापर्यंत जाऊ शकतं. हेल्मेटच्या गुन्ह्यात तर कलम १९४ड मध्ये १,००० रुपयांबरोबर तीन महिने लायसन्स निलंबनही आहे. आणि पाचवा, यात पाचशे रुपयेच आहेत, की लायसन्स म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न आहे? लायसन्सवर ज्याचं घर चालतं, त्याचा हिशेब वेगळा होणारच.

एवढं पाहून भरायचं ठरलं तर मन खट्टू करून घेऊ नका, आणि लढायचं ठरलं तर कोणी हट्टी म्हटलं म्हणून मागे हटू नका. चलान पावती नाही, आरोप आहे, आणि आरोपाला उत्तर द्यायची जागा कायद्याने आजही मोकळी ठेवलेली आहे. शहाण्याने ती पायरी रोज चढू नये. पण ती कुठे आहे हे त्याला माहीत असावं, आणि कधीतरी कोणीतरी ती चढत राहावं, म्हणजे झिजली तरी ती बुजणार नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण नंबरप्लेटचा इतिहास पाहू. प्रश्न असतील तर आता घेऊया.