दापोडीचा चित्रकार

बागेतील फूल समोर ठेवून त्याचे चित्र काढणे म्हणजे मुलींचा फावल्या वेळचा छंद, अशी समजूत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतूनही आढळते. या समजुतीपायी पुणे जिल्ह्याच्या इतिहासातील एक प्रकरण आपण जवळजवळ विसरून गेलो आहो.

मुळा व पवना यांच्या संगमाजवळ दापोडी आहे. तेथील कॅप्टन फोर्ड यांचा बंगला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इ. स. १८२८ मध्ये सरकारसाठी घेतला व आवारात वनस्पतींची बाग वसविली. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटिश वैद्य तिची देखरेख करू लागले. बाग केवळ शोभेची नव्हती. सरकारी दवाखान्यांसाठी तेथे औषधी वनस्पतीही पिकत. १८४७ साली गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, आणि १८४७ ते १८५० या अवधीत त्यांनी एका चित्रकाराकडून दीडशेहून अधिक वनस्पतींची रंगीत चित्रे करवून घेतली.

वाळवलेले नमुने असताना हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. दाबून वाळवलेल्या फुलाचा रंग उडतो आणि आकार चपटा होतो. चित्रकाराला मात्र जिवंत फूल फार वेळ देत नाही. जास्वंद सकाळी उमलते व सायंकाळी मिटते. तेवढ्यात तिची नळीसारखी जुळलेली केसरे व टोकाचे पाच ठिपके टिपले पाहिजेत. स्मरणाने काढणारा सदाफुलीला सारख्या पाच पाकळ्या देऊन मोकळा होतो. समोर ठेवून काढणाऱ्यास दिसते की प्रत्येक पाकळी एका बाजूस कललेली असून शेजारणीवर अंशतः चढलेली आहे. शेवंतीचे एक फूल हा वस्तुतः अनेक बारीक फुलांचा झुबका आहे, हेही पेन्सिलीने मोजू लागल्यावरच ध्यानात येते. सदाफुली मादागास्करची व झेंडू मेक्सिकोचा. आपल्या देव्हाऱ्यातील कित्येक फुले अशी समुद्रापलीकडून आली आहेत, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

या चित्रकाराचे नाव काय? तो पोर्तुगीज व हिंदी अशा मिश्र वंशातील होता, एवढेच ठाऊक आहे. गिब्सन यांचे नाव ग्रंथांत व वनस्पतींच्या नावांत राहिले. ज्याच्या हाताने ही फुले कागदावर टिकली, तो अनाम राहिला. त्याच्या पन्नास-साठ वर्षे आधी पुण्याच्या दरबारातील रेसिडेंट मॅलेट व चित्रकार जेम्स वेल्स यांच्याजवळ काम करणाऱ्या गंगाराम तांबटाचे नाव उरले आहे. वेरुळच्या लेण्यांची त्याची चित्रे आजही त्याच्या नावाने ओळखली जातात. कसबात दापोडीचा माणूस उणा होता म्हणून ही तफावत पडली, असे आम्हांस वाटत नाही. कोणी लिहून ठेवले नाही, इतकेच.

गव्हर्नरांचे निवासस्थान पुढे गणेशखिंडीत गेले व दापोडीची बाग मोडली. चित्रे मात्र एडिंबरा येथील शाही वनस्पती-उद्यानाच्या संग्रहात सुरक्षित आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. पुण्याची बाग पाहावयाची ती स्कॉटलंडात!

दापोडीखालचे पाणी मुळा-मुठा होऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते व पाटसच्या उत्तरेकडून पुढे जाते. त्या पाटसकडील परसांत जास्वंद, सदाफुली, शेवंती सहज सापडतील. दापोडीच्या कुंचल्याऐवजी आता रंगीत पेन्सिली आहेत. त्यांनी पांढरा रंग मागाहून नीट बसत नाही, म्हणून उजेडाची जागा कागदाचीच कोरी ठेवावी. फिका रंग आधी, गडद नंतर. आणि पानाचा हिरवा पिवळ्यावर निळा चढवून साधावा. चित्र पुरे झाले की कोपऱ्यात तारीख, गाव व काढणाराचे नाव लिहिण्यास मुलांना सांगावे.