अग्रदूत योहान : इतिहास आणि परंपरा

बाप्तिस्मा करणारा योहान ख्रिस्ती परंपरेत येशूचा अग्रदूत म्हणून ओळखला जातो. इतरांस तारणासाठी सिद्ध करावे व स्वतः मागे सरावे, एवढेच त्याचे कार्य मानले जाते. ही नम्र भूमिका त्याने स्वतः स्वीकारली, की त्याच्या पश्चात ती त्याला देण्यात आली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास टाळता येत नाही.

यहुदी इतिहासकार योसेफस याने इ. स. 93-94 च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात योहान स्वतंत्र धर्मोपदेशक म्हणून दिसतो. त्याच्या प्रभावातून बंड उद्भवेल या भीतीने हेरोद अंतिपासाने त्याला मखैरस किल्ल्यात ठार केले. पुढे अरेतास राजाने हेरोदाच्या सैन्याचा पाडाव केला, तेव्हा काही यहुद्यांनी ते या वधाचे दैवी शासन मानले. या वृत्तांतात योहानाचा येशूशी कोणताही संबंध जोडलेला नाही.

शुभवर्तमाने क्रमाने वाचली असता निराळेच चित्र दिसते. सर्वांत प्राचीन मानल्या जाणाऱ्या मार्काच्या शुभवर्तमानात योहान यार्देन नदीत येशूला बाप्तिस्मा देतो, असे सरळ म्हटले आहे. मत्तयाच्या कथनात योहान प्रथम संकोचतो. लूक त्याच्या कारावासाची हकीकत आधी सांगून, बाप्तिस्म्याच्या प्रसंगी त्याचे नावच घेत नाही. चौथ्या शुभवर्तमानात तर बाप्तिस्म्याचे वर्णन नाही. योहान केवळ साक्षीदार उरतो.

याचे कारण उघड आहे. बाप्तिस्मा देणारा घेणाऱ्याहून श्रेष्ठ ठरण्याचा संभव होता. शिवाय योहानाचा प्रभाव ओसरला नव्हता. केवळ त्याचाच बाप्तिस्मा ठाऊक असलेले सुमारे बारा शिष्य पौलास इफिसात भेटल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात नमूद आहे.

तथापि ही नम्रता सर्वस्वी उत्तरकालीन रचना होय, असे म्हणणेही उतावीळपणाचे ठरेल. येणारा तो तूच काय, असे योहानाने तुरुंगातून येशूला विचारविल्याचे मत्तय व लूक दोघेही सांगतात. अग्रदूताच्या मनातील ही शंका परंपरेस गैरसोयीची होती. म्हणूनच ती कल्पित असण्याचा संभव कमी. आपल्याहून समर्थ असा कोणी येणार, एवढी योहानाची खात्री होती. तो कोण, याची नव्हती. तरीही त्याने लोकांस सिद्ध केले. आपल्या कार्याची परिणती कोणात होणार हे न जाणता ते करीत राहणे, हीच ऐतिहासिक योहानाची नम्रता म्हणावी लागेल.