वेगळ्या चुलीचा हक्क

चार भाऊ एका छपराखाली राहिले की भांड्याला भांडे लागतेच, हा आपला घरोघरचा अनुभव. तेव्हा देशोदेशींची हजारो माणसे, त्यांतली कित्येक एकमेकांचे तोंडही न पाहिलेली, ३० वर्षांहून अधिक काळ एकच ग्रंथ मिळून लिहीत आहेत असे मी म्हटले, तर वाचकांना ती फराळाच्या ताटावरची थाप वाटेल. पण ग्रंथ खरा आहे. त्याचे नाव लिनक्स. संगणकाच्या यंत्राकडून काम करवून घेणारा हा गाभा. अँड्रॉइड जातीचा फोन ज्याच्या खिशात आहे, त्याच्या खिशात तोही आहे.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकजाळ्यावरील एका चर्चामंडळात कळवले की, आपण हौसेखातर एक प्रणाली रचीत आहोत. ती काही मोठी व्हायची नाही. सप्टेंबरात निघालेली पहिली आवृत्ती सुमारे १०,००० ओळींची होती. आज त्या ओळी ३ कोटींच्या पुढे गेल्या आहेत.

हे साधले कसे? मला विचाराल तर पहिले कारण १९९२ सालचे. त्या वर्षी टॉरवाल्ड्सने आपले काम ‘जीपीएल’ या परवान्याखाली आणले. कोणीही ते घ्यावे, बदलावे, वाटावे. मात्र बदल करून वाटणाऱ्याने आपली रचनाही तशीच खुली ठेवावी. म्हणजे रुसलेल्या भावाला वेगळी चूल मांडण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून लेखी मिळाला! दार उघडे असले की थांबणारा मनापासून थांबतो, आणि वडीलधाऱ्यालाही जपून बोलावे लागते.

दुसरे कारण पत्रव्यवहाराचे. सुधारणा सर्वांच्या डोळ्यांदेखत पाठवायची, आक्षेपही चारचौघांत घ्यायचा. ओसरीवरच्या कुजबुजीत निर्णय झाले असते, तर सातासमुद्रापलीकडच्या माणसाला ते कळते कसे?

पण संसार वाढला, तशी एकट्या कारभाऱ्याची दमछाक झाली. १९९८ साली आलेल्या सुधारणा त्याच्याकडून वारंवार निसटू लागल्या आणि सहकारी उघड चिडले. पुढे विभागवार जबाबदार माणसांवर अधिकाधिक भिस्त ठेवण्यात आली, आणि २००२ मध्ये नोंदी ठेवण्यासाठी बिटकीपर हे एका कंपनीचे साधन घेतले. ते फुकट होते, पण परक्याचे. एप्रिल २००५ मध्ये मालकांनी फुकट वापराची सवलत काढून घेतली आणि सारा कारभार अडला.

तेव्हा टॉरवाल्ड्सने ३ एप्रिलला स्वतःच नवे साधन रचायला घेतले. ७ तारखेला ते स्वतःच्या नोंदी ठेवू लागले होते. त्याचे नाव गिट. यात प्रत्येकाच्या घरी संपूर्ण इतिहासाची प्रत असते, आणि प्रत्येक नोंदीला तिच्याच मजकुरावरून काढलेली खूण असते; मागे कोणी खाडाखोड केली की ती खूण जुळत नाही. दप्तर कोणा एकाच्या कुलपात राहिलेच नाही.

सारे गोडीगुलाबीने चालले असे मात्र नव्हे. टॉरवाल्ड्सची जीभ तिखट. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने आपल्या बोलण्याबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही दिवस रजा घेतली, आणि त्याच सुमारास वर्तनाचे नियमही लिहिले गेले. परवाना माणसांना बांधून ठेवीत नाही. म्हणून शब्द जपावे लागतात, हे कळायला २७ वर्षे लागली.

आपल्याकडे वाटणीचा शब्द निघाला की घर मोडले असे आपण समजतो. इथे वाटणीचा हक्क आधीच देऊन टाकला, आणि घर टिकले.