पुत्रशोकाच्या छायेंतील बाल्य

आई मरण पावली म्हणजे मूल पोरकें होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु आई घरांतच असून तिचें मन मात्र दूर गेलें, तरीहि मूल पोरकें होतें, हें तितकें ध्यानांत येत नाहीं. 'पीटर पॅन' हें नाटक पुष्कळ श्रोत्यांस निदान नांवानें तरी माहीत असेल. त्याचे कर्ते जेम्स बॅरी यांचें बाळपण या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे.

बॅरी यांचा जन्म १८६० मध्यें स्कॉटलंडांतील किरिम्यूर गांवीं एका विणकऱ्याच्या घरीं झाला. १८६७ च्या जानेवारींत त्यांचा वडील भाऊ डेव्हिड हा स्केटिंगच्या खेळांत अपघात होऊन दगावला. त्यास चौदावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. आई मार्गारेट हिनें अंथरूण धरलें. घरांत इतर मुलें होतीं. पण तिचें चित्त गेलेल्या मुलापाशींच घोटाळत राहिलें.

तुला आणखी एक मुलगा आहे, याची आईस आठवण देण्यासाठीं बहिणीनें सहा वर्षांच्या जेम्सला तिच्या अंधाऱ्या खोलींत पाठविलें. चाहूल लागतांच आईनें प्रश्न केला. ती मृत भावासच विचारीत आहे असें वाटून, तो नव्हे, आपणच आलों आहों, असें मुलानें सांगितलें. पुढें भावाची शीळ शिकून, त्याचेच कपडे घालून तो आईसमोर उभा राहिला!

आई १८९५ मध्यें निवर्तली. दुसऱ्याच वर्षीं बॅरी यांनीं तिच्या चरित्रांत हा प्रसंग लिहिला. ती निष्ठुर मुळींच नव्हती. तिनें सांगितलेल्या जुन्या गोष्टींवरच त्यांचें आरंभींचें लेखन पोसलें. तथापि १९०४ मध्यें रंगभूमीवर आलेला पीटर मोठा होण्यास नकार देतो. आणि तो घरीं परततो तेव्हां खिडकी बंद असते व त्याच्या बिछान्यांत दुसरें मूल निजलेलें असतें. एका आघातानें सारें आयुष्य घडलें असें म्हणणें धाडसाचें होईल. पण त्या खोलीची सांवली येथवर पोंचली नसेल, असेंहि म्हणवत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेसाठीं जॉन बोल्बी यांनीं लिहिलेला अहवाल १९५१ मध्यें प्रसिद्ध झाला. आईशीं जिव्हाळ्याचा अखंड संबंध बालमनास अत्यावश्यक असल्याचें त्यांत प्रतिपादिलें आहे. आणि मुलांचें हित इच्छिणाऱ्या समाजानें त्यांच्या आईबापांसहि आधार दिला पाहिजे, असाहि त्याचा आशय आहे. किरिम्यूरच्या त्या घरांत आईला परत आणण्याचें ओझें सहा वर्षांच्या मुलाच्या शिरावर पडलें. शोकग्रस्त आईस सांवरणें हें वडील माणसांचें कर्तव्य होय. मुलास मूलच राहूं द्यावें.