एल्फिन्स्टन ते होमी भाभा विद्यापीठ : जुळलेल्या आणि दुभंगलेल्या संस्थांची कथा

१/ २०१९ मध्ये मुंबईतील चार शासकीय संस्थांच्या एकत्रीकरणातून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ स्थापन झाले. विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि शिक्षक घडविणारे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज या त्या संस्था. विद्यापीठ नवे असले, तरी विलीनीकरणाची परंपरा १८४० पर्यंत मागे जाते.

२/ १८२७ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्त झाले. त्यांच्या सन्मानार्थ मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. त्या निधीतून प्राध्यापक नेमले गेले आणि १८३५ च्या सुमारास टाउन हॉलमध्ये वर्ग सुरू झाले.

३/ १८४० मध्ये हे वर्ग 'नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी'च्या शाळेशी जोडण्यात आले. सोसायटीचा कारभार सरकारी बोर्डाकडे गेला आणि तिचे नाव इतिहासजमा झाले. पुढे १८५६ मध्ये शाळा व महाविद्यालय पुन्हा विभक्त झाले.

४/ १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ उभे राहिले. ते शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. न्या. रानडे एल्फिन्स्टनमध्ये शिकले. १८६२ ची बी.ए. पदवी मात्र विद्यापीठाची. अध्यापन एकीकडे, अधिकार दुसरीकडे, ही रचना तेव्हापासूनची.

५/ या चार संस्थांना जोडणारा धागा शासननिर्णयाहून जुना आहे. डॉ. आंबेडकर एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या सिडनहॅममध्ये ते १९१८ पासून अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथेही त्यांच्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. होमी भाभा एल्फिन्स्टन आणि विज्ञान संस्था या दोन्ही ठिकाणी शिकले आणि १९२७ मध्ये केंब्रिजला गेले.

६/ २०१९ च्या बदलाने १८५७ ची रचना या चौघांपुरती उलटली. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेली महाविद्यालये स्वतःच विद्यापीठाचे घटक झाली. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी आता एकाच छत्राखाली आली.

७/ १८४० च्या विलीनीकरणात एका संस्थेचे नाव पुसले गेले. २०१९ मध्ये चारही नावे टिकली. परंतु नाव टिकणे म्हणजे परंपरा टिकणे नव्हे. वाणिज्याचा विद्यार्थी विज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत आणि विज्ञानाचा विद्यार्थी एल्फिन्स्टनच्या इतिहासवर्गात सहज जाऊ लागेल, तेव्हाच हे एकत्रीकरण कागदावरून वर्गात उतरले असे म्हणता येईल.