नाव मुळशीचं, कचेरी पौडाला

मुळशी तालुक्यात मुळशी शोधायला निघालेला माणूस धरणाच्या भिंतीशी पोहोचतो, आणि तहसीलदार शोधायला निघालेला त्याच्या बराच अलीकडे, पौडाला थांबतो. तालुक्याचं नाव एक आणि ठाणं दुसरीकडे, हे आपल्याकडे नवं नाही. मावळची कचेरी वडगावला आहे. पण मावळ हे मुलखाचं नाव. मुळशी हे गावाचं.

अटलांटिकपलीकडे, कॅरिबियनमधल्या पोर्तो रिकोत, असा घोळ सहसा होत नाही. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी चौक, चौकाशी चर्च आणि समोर नगरसभा अशी गावं वसवली. आज तिथे ७८ नगरपालिका आहेत, आणि बहुतेकींत जुन्या गावठाणाच्या भागाला अजून ‘पुएब्लो’, म्हणजे नुसतं ‘गाव’, म्हणतात. कारभार तिथूनच चालतो आणि नावही सगळ्यांचं एकच.

आपल्या डोंगरी मुलखात कारभार चौकातून नव्हे, खोऱ्यातून वाढला. मुठे खोरं मारण्यांचं, मोसे खोरं पासलकरांचं, तसं पौड खोरं ढमाले देशमुखांचं. म्हणजे शिवकाळात मुलूख ओळखला जायचा तो पौडाच्या नावानं. इंग्रजी अमदानीत मात्र कागदावर ‘मुळशी पेटा’ आला. पेटा म्हणजे तालुक्याहून लहान तुकडा, मामलेदाराऐवजी महालकरी. हा पेटा हवेलीला जोडलेला होता. पौडचं नाव मागे पडलं, ते आज पुण्यातल्या कोथरूडकरांना निदान रस्त्यापुरतं ठाऊक आहे.

मग टाटांचं धरण आलं. मुळा आणि नीळा यांच्या संगमापाशी भिंत घालायची, आणि पूर्वेला पुण्याकडे वाहणारं पाणी बोगद्यातून पश्चिमेला, घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडायचं, अशी योजना. आंबेमोहराची खाचरं जाणार होती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या सोबतीला होते. या लढ्याविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा भिंतीकडेच बघतो. मला वाटतं, लढा कागदाशीही होता. १८९४चा भूसंपादन कायदा खाजगी कंपनीसाठीसुद्धा सरकारला जमीन घेऊ देत होता, आणि मोबदला मिळणार होता तो ज्याचं नाव दप्तरात त्याला. अनेक जमिनी सावकारांकडे गेलेल्या. त्यांना रोकड परवडत होती, खाचर कसणाऱ्याला नव्हती. तिथेच लढ्यात फूट पडली. १९२४पर्यंत तो संपला, १९२७मध्ये भिऱ्याला वीज सुरू झाली. धरणाला मुळशीचं नाव मिळालं, तालुक्यालाही तेच राहिलं. खोरं मात्र पाण्याखाली गेलं.

पौड वाचलं, कारण ते भिंतीच्या खालच्या अंगाला आहे. आज तिथे तहसील आहे, पंचायत समिती आहे, पोलीस ठाणं आणि कोर्ट आहे. कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं, मुद्रांकवाले, झेरॉक्सची दुकानं, चहा. यावरच बाजार चालतो. तालुक्याचा पैसा मात्र इथे राहत नाही. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यातलं, पण तिथले पोलीस २०१८पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. २०१५मध्ये प्रदेश विकास प्राधिकरण झालं, आणि बांधकामाची परवानगी त्याच्या हातात गेली. २०२१मध्ये सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक पुणे महापालिकेत गेली.

आता पौडाकडे उरलंय ते मुख्यतः जमिनीचं दप्तर. सातबारा मोबाइलवर निघतो, हे खरं. पण वारसनोंदीवर भावानं हरकत घेतली, वाटपाचा अर्ज करायचा झाला, की हिंजवडीच्या काचेच्या इमारतींखालच्या जमिनीचा मूळ मालकही फाइल काखेत मारून पौडाचीच वाट धरतो. बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी ताम्हिणीकडून पहिल्या एसटीनं आलेला कातकरी बसलेला असतो, जातीच्या दाखल्यासाठी.