पानाबाहेरचा घास

‘कुत्रंच होतं ना? दुसरं आणा.’ गेल्या काही दिवसांत हे वाक्य तुम्ही शेजाऱ्यांकडून ऐकलंत, नात्यातल्यांकडून ऐकलंत, आणि दरवेळी नुसती मान हलवलीत. ऑफिसात रजा मागताना ताप आल्याचं सांगितलंत. खरं कारण सांगितलं असतं तर समोरचा कसा बघेल, हे तुम्हाला ठाऊक होतं. घरात सुतक नाही, दहावा-तेरावा नाही. शेजारून पिठलं-भाताचा डबा आला नाही. इतक्या वर्षांचा सहवास संपला आणि त्यासाठी करायचं असं काहीच कुणी तुमच्या हाती दिलं नाही.

दिवस कसातरी जातो. अवघड असते ती जेवायची वेळ. पान वाढलं की मांडीला टेकणारं ओलं नाक आता नाही. चतकोर पोळी तुम्ही सवयीनं बाजूला काढता आणि मग तिचं काय करायचं ते कळत नाही.

चला, मागे जाऊ या. हे दुःख म्हणजे पोट भरलेल्या, फ्लॅटात राहणाऱ्या माणसांचं नवं खूळ आहे, असं तुम्हाला आडून आडून सुचवलं गेलंय. खरंच तसं आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहू.

सुमारे १४,००० वर्षांपूर्वी. ऱ्हाइन नदीचा उजवा काठ. पुढे इथे बॉन शहर वसेल आणि या भागाला ओबरकासेल म्हणतील, पण आज इथे शेत नाही, मडकं नाही, साठवलेलं धान्य नाही. शिकार मिळाली तर जेवण, नाही तर उपास. शेकोटीपाशी एक पिल्लू पडलंय, साडेचार-पाच महिन्यांचं. अंग तापलेलं, डोळे चिकटलेले, उलट्या आणि जुलाबांनी पोट खपाटीला गेलेलं. तुम्ही वाकून बघता आणि ओळखता. डिस्टेंपर. याच रोगाची लस चुकू नये म्हणून तुम्ही ते पिवळं पडलेलं कार्ड इतकी वर्षं कपाटात जपलं होतंत.

एक बाई पिल्लाचं डोकं मांडीवर घेऊन बसली आहे. बोटं पाण्यात बुडवून त्याच्या ओठांच्या कडेनं थेंब सोडते. त्यानं केलेली घाण पुसते, अंगावर कातडं ओढते. पिल्लू सावरतं, पुन्हा आडवं होतं, पुन्हा सावरतं. आजारपणाच्या या फेऱ्या त्याच्या वाढत्या दातांच्या एनॅमलवर खुणा सोडताहेत. २०१८ मध्ये संशोधक त्या खुणा वाचतील आणि निष्कर्ष काढतील, की माणसांनी शुश्रूषा केल्याशिवाय हे पिल्लू इतके आठवडे जगूच शकलं नसतं.

हे पिल्लू शिकारीला जाणार नाही, राखण करणार नाही. आज त्याचा उपयोग शून्य आहे आणि त्याचं खाणं-पिणं मात्र कुणाच्या तरी तोंडातलं काढून द्यावं लागतंय. तरी ती बाई उठत नाही. ती तुमच्याकडे पाहते ती रागानं नाही. जागा करून देते. तुम्ही बसता. औषधाचा चमचा दाताआडून कसा सरकवायचा, हे तुमच्या हातांना माहीत आहे, तिच्या हातांनाही माहीत आहे.

पिल्लू सात महिन्यांचं होत नाही. पुढे एक पुरुष, एक तरुण बाई आणि हे पिल्लू एकाच जागी पुरलेले सापडतील, भोवती लाल गेरू, वर बेसाल्टच्या सपाट शिळा. आपल्या सह्याद्रीचाच दगड तो. १९१४ मध्ये खाणमजुरांच्या पहारी त्या शिळांवर पडतील.

आता पुढे सरका. इसवी सनाचं पहिलं शतक संपत आलंय. तांबड्या समुद्राच्या इजिप्तकडच्या काठावर बेरेनिके नावाचं बंदर आहे, रोमन अमलाखालचं. मागे वाळवंट, पुढे समुद्र. इथे खाण्याची बहुतेक प्रत्येक वस्तू उंटांवरून किंवा जहाजांतून येते. धक्क्यावर उभे राहिलात तर मिऱ्यांचा वास येईल. इथल्या जहाजांना आपला किनारा परका नाही. त्या काळच्या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत बेरेनिकेचं नाव आहे आणि सोपारा व कल्याणचंही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर जायचं, वारा उलटला की परतायचं. परतताना काही खलाशी हिंदुस्थानी माकडंसुद्धा घेऊन येतात.

गावाबाहेर उकिरड्याशेजारी एक माणूस वाळूत खड्डा खणतोय. त्याच्या बाजूला चटईवर एक दांडगं कुत्रं आहे, मास्टिफच्या जातकुळीचं. त्याला हाडाचा कॅन्सर झाला होता. तुम्ही एक्स-रे पाहिला होतात, डॉक्टरांनी तो उजेडाला धरला तेव्हा पांढरी गाठ दिसली होती. या माणसाला एक्स-रे नाही, पण पाय टेकवताना होणारी थरथर त्यानं रोज पाहिली आहे.

तो कुत्र्याला ताडाच्या पानांच्या विणलेल्या चटईत गुंडाळतो. वर मोठ्या मद्यकुंभाची अर्धुकं नीट रचतो, वाळूचा भार अंगावर येऊ नये म्हणून. कुत्र्याच्या पोटात शेवटचं जेवण तसंच आहे: मासे आणि बकऱ्याचं मटण. ते जेवण जवळजवळ दोन हजार वर्षांनी पुरातत्त्वज्ञांना सापडेल. या ओसाड बंदरात मटण म्हणजे चैन. मरणाऱ्या कुत्र्याला कुणी ते उरलंसुरलं म्हणून घातलं नसावं, असं मला वाटतं. तुम्हीही शेवटच्या दिवशी पथ्य मोडून काय भरवलंत, ते आठवा. डॉक्टरांनी बंद केलेलं सगळं.

आजूबाजूला असे आणखी खड्डे आहेत. पोलंडच्या मार्ता ओसिपिंस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दफनभूमीत ५८५ प्राणी मोजले. बहुतेक मांजरं, काही कुत्री, काही माकडं. काहींच्या गळ्यात पट्टे, काहींच्या गळ्यात मण्यांच्या माळा. कुत्र्यांपैकी कित्येक म्हातारपणानं गेलेली, बहुतेक दात पडलेली, सांधे झिजलेली. दात नसलेलं कुत्रं जगतं, कारण कुणीतरी त्याला मऊ करून भरवतं. दुसरं काही कारण असू शकत नाही.

याच देशाबद्दल त्याआधी पाचशेहून अधिक वर्षं हिरोडोटसनं लिहून ठेवलं होतं की घरचं मांजर मेलं तर इजिप्तची माणसं भुवया काढतात आणि कुत्रं मेलं तर डोक्यासकट सगळं अंग भादरतात. क्षौर. दहाव्याला नदीवर आपल्याकडे जे करतात ते. चार माणसांत गेल्यावर न सांगता कळेल की या घरात कुणीतरी गेलंय. कोणी ‘दुसरं आणा’ म्हणणार नाही. रजेसाठी तापाचं निमित्त लागणार नाही. मला विचाराल तर आपल्या आजच्या दुःखात सगळ्यात जास्त काय जाचत असेल, तर हे लपवणं. दुःखाचं ओझं एक आणि ते दिसू नये म्हणून केलेल्या धडपडीचं दुसरं.

आता मात्र जरा जास्त वेळ काढून या, कारण पुढचा माणूस मला तुम्हाला भेटवायचाच आहे.

शके ८७२, सौम्य संवत्सर. म्हणजे इसवी सन ९४९-५०. आजच्या कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात, मद्दूरजवळचं आतकूर. चल्लेश्वराचं देऊळ आणि त्यासमोर पाथरवटाची छिन्नी. नुकतीच तक्कोलमची मोठी लढाई होऊन गेली आहे. एका बाजूला राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण. ज्या घराण्याच्या पहिल्या कृष्णानं वेरूळचं कैलास खोदवलं, तेच हे घराणं. दुसऱ्या बाजूला चोळ युवराज राजादित्य. कृष्णाच्या बाजूनं लढणाऱ्या गंग राजा बूतुगानं राजादित्याला मारलं आणि लढाई फिरली. कृष्णानं बूतुगाला बनवासीसारखे मोठे प्रांत बक्षीस दिले.

बूतुगाच्या समोर जिवावर उदार होऊन लढलेला त्याचा एक सरदार होता, मणलेर. राजा खूश होऊन म्हणाला, माग काय हवं ते. मणलेरानं मागितलं ते काळी नावाचं कुत्रं.

गावंही त्याला मिळाली. पण राजा ‘माग’ म्हणाला तेव्हा तोंडून निघालं ते कुत्र्याचं नाव. तुम्हीही पिल्लांच्या घोळक्यातून एकाकडेच बोट दाखवलं होतंत. का, ते तुम्हाला अजून सांगता येत नाही.

मग केळले नाडूतल्या बेळतूरजवळच्या खडकाळ टेकडीवर एक प्रचंड रानडुक्कर आलं. काळीला त्याच्यावर सोडलं. डुक्कर मेलं आणि काळीही मेलं. देवळासमोरचा दगड कोरला जातोय तो काळीच्याच आठवणीत.

तुम्ही मणलेराशेजारी जाऊन बसता. या प्रवासात भाषा आड येत नाही. शिलालेख त्याच्या चेहऱ्याबद्दल काही सांगत नाही, पण तुम्ही तो पाहू शकता: माणसं मारताना न हललेला हा गडी आता दगडावर कोरल्या जाणाऱ्या कुत्र्याच्या शेपटीकडे बघतोय आणि पाथरवटाला सांगतोय, अशी नव्हती, जरा वर होती.

तुमच्या मनात जे आहे ते तुम्ही त्याच्याजवळ काढता, कारण दुसऱ्या कुणाजवळ काढता आलेलं नाही. इंजेक्शनच्या कागदावर सही तुम्ही केलीत. डॉक्टरांनी समजावलं होतं, तेच योग्य होतं, वेदना थांबल्या. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. तरी रात्री दोनला जाग येते आणि तो कागद दिसतो. सही करताना ते तुमच्याकडेच बघत होतं. विश्वासानं.

मणलेर बराच वेळ बोलत नाही. मग म्हणतो, ‘मी सोडलं म्हणूनच ते धावलं. दुसऱ्या कुणी सोडलं असतं तर धावलं नसतं.’

सांत्वन म्हणून हे तोकडं वाटेल. पण त्यानं पुढे काय केलं ते बघा. दगडावर त्यानं शब्दांची पळवाट काढली नाही. देवाज्ञा झाली असं लिहवलं नाही. कुत्रं डुकरावर सोडलं आणि दोघंही मेली, असं सरळ कोरवलं, गावानं रोज वाचावं अशा जागी. जनावर स्वतःसाठी निर्णय घेऊ शकत नाही. त्याच्या वतीनं आपण घेतो, आणि म्हणून ते गेल्यावर अपराधीपणा बहुतेक येतोच. तुमची चूक झाली म्हणून तो येतो असं नाही. शेवटपर्यंत जबाबदारी तुमच्याकडे होती म्हणून येतो. ज्यांनी ती घेतलीच नाही, त्यांना रात्री दोनला जाग येत नाही.

पाथरवट घाम पुसतो. आपल्या गावोगावी देवळामागे, पारावर उभे असलेले वीरगळ तुम्ही पाहिले आहेत: खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला वीर. या दगडावर एकमेकांवर तुटून पडलेले कुत्रं आणि रानडुक्कर आहेत. भोवतीच्या मजकुरात मात्र सम्राट, युवराजाचा वध, प्रांतांची बक्षिसं, सगळं आहे. बूतुगानं राजादित्याला मारलं, याचा एक महत्त्वाचा पुरावा म्हणून इतिहासकार याच लेखाकडे वळतात. हा दगड आज बंगळुरूच्या शासकीय संग्रहालयात आहे. दक्षिणेच्या इतिहासातली एवढी मोठी लढाई एका कुत्र्याच्या स्मारकावर नोंदलेली आहे, आणि ज्यानं ती लढली त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एवढ्यावर तो थांबला नाही. मोठ्या तळ्याखालची दोन खंडुग जमीन त्यानं या दगडासाठी लावून दिली. आणि अट घातली: देवळाचं बघणाऱ्या गोरवानं या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवायचं नाही. जेवला तर पाप.

हे ऐकून तुम्ही दचकता. पहाटे नाही, सणाला नाही, वर्षश्राद्धाला नाही. जेवायच्या आधी. ज्या घटकेला कुत्र्याची उणीव सगळ्यात जास्त बोचते, नेमक्या त्याच घटकेला मणलेरानं आठवण बांधून टाकली आहे. चुकवायची म्हटली तरी चुकणार नाही अशी. आपल्याकडे श्राद्धाच्या पंचबलीत गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घास काढतात, तो कुणा गेलेल्या माणसासाठी. इथे कुत्राच गेलेला आहे आणि थांबायचं आहे माणसानं.

गोरव येतो. पाणी घालतो, फूल वाहतो. जमलेले लोक गप्प उभे राहतात, मग पांगतात. मणलेर पानावर बसतो आणि तुम्हाला शेजारी बसवतो. पहिला घास उचलण्याआधी तो विचारतो, ‘तुमच्याला काय आवडायचं?’

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलेलं नाही. तुम्ही सांगू लागता. पातेल्याला लागलेली भाताची खरवड. बुडवून मऊ केलेली खारी, पण फक्त बाबांच्या चहातली. काकडी चिरल्याचा आवाज आला की कुठूनही धावत यायचं, टोकं खायचं आणि मधला भाग सोफ्याखाली लपवायचं. शेंगदाणे सोलून दिले तरच. गणपतीत एकदा मोदकांचं अख्खं ताट. मणलेर तुम्हाला मध्येच तोडतो, काळीनं छावणीत कुणाकुणाचं मटण पळवलं ते सांगायला लागतो, आणि तुम्ही त्याला तोडून पुन्हा मोदकांवर येता, कारण ती गोष्ट अर्धी राहिली आहे: एकवीस मोदक होते, आणि एकविसाव्यावर आजी स्वयंपाकघरात आली.